सांगकाम्याची बाजू

'सांगकाम्या' म्हटलेलं कुणालाच आवडत नाही. सांगितलं तेवढंच करायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही, सांगायचं राहून गेलं तर हात बांधून बसायचं. माणसात हा दोषच. पण रात्री आपण ज्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर निवांत झोपतो, ती जवळपास सगळी सांगकामी आहेत. युनिक्समधला क्रॉन १९७०च्या दशकापासून ठरल्या मिनिटाला ठरलेला हुकूम चालवतो आहे. आयएफटीटीटी २०१० साली आलं, झेपियर २०११ साली, एन-एट-एन २०१९ साली. चेहरे बदलले, कल्पना तीच राहिली: अमुक घडलं की तमुक कर. फॉर्म भरला की शीटमध्ये ओळ, ओळ पडली की मेल. आखून दिलेल्या वाटेबाहेर ही साधनं पाऊल टाकत नाहीत. चुकलीच तर रोज एकाच जागी आणि एकाच तऱ्हेने चुकतात, म्हणून चूक सापडते.

या सांगकाम्यांवर आता एक हुशार मुकादम नेमला जातो आहे, एआय एजंट, म्हणजे भाषेच्या मॉडेलवर चालणारा आणि पुढचं पाऊल स्वतः ठरवणारा प्रोग्रॅम. दोघांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलायचं हेही ठरलं आहे. त्या भाषेचं नाव मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, थोडक्यात एमसीपी. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने तो २५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वांसाठी खुला केला. मार्च २०२५ मध्ये ओपनएआयने तो स्वीकारला, पाठोपाठ गूगल आणि मायक्रोसॉफ्टही आले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये तो लिनक्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली गेला. एकमेकींच्या उरावर बसलेल्या कंपन्या वर्षभरात एकाच ठरावावर सह्या करतात असं तंत्रज्ञानात क्वचित दिसतं. प्रोटोकॉल चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझी तक्रार त्याच्या दोन टोकांना आपण काय बांधतो आहोत याबद्दल आहे.

आधी तो काय करतो ते पाहू. दहा एआय ॲप आणि वीस साधनं असतील, तर पूर्वी प्रत्येक जोडीसाठी वेगळा जोडकोड लिहावा लागे, म्हणजे दोनशे जोडण्या. मध्ये सामायिक भाषा आली की दहा ॲपनी ती शिकायची, वीस साधनांनी शिकायची; तिसांत काम भागतं. हीच युक्ती २०१६ साली मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमध्ये वापरली होती, कोड एडिटर आणि प्रोग्रॅमिंग भाषा यांची मोट बांधण्यासाठी. एमसीपीने प्रेरणा तिथूनच घेतली. प्रत्यक्षात घडतं असं: सर्व्हर, म्हणजे साधनाच्या बाजूचा प्रोग्रॅम, आपल्याकडच्या टूल्सची, म्हणजे करता येणाऱ्या कामांची, यादी देतो. प्रत्येक टूलला नाव, साध्या भाषेतलं वर्णन आणि कोणती माहिती लागेल त्याचा आराखडा. ही यादी मॉडेलपुढे ठेवली जाते. मॉडेल म्हणतं, मला हे टूल या माहितीनिशी चालवायचं आहे. क्लायंट, म्हणजे एआय ॲपच्या बाजूचा प्रोग्रॅम, तो निरोप जेसन-आरपीसी या ठरलेल्या साच्याच्या पाकिटात घालून सर्व्हरकडे धाडतो आणि उत्तर परत मॉडेलसमोर टाकतो. बस्स. जादू इतकीच.

गोम आहे त्या वर्णनात. सांगकाम्या टूलचं वर्णन वाचत नाही. त्याला तार जोडून दिलेली असते. एजंट मात्र ते वाचून ठरवतो. म्हणजे काल जो निर्णय वर्कफ्लो, म्हणजे कामाच्या पायऱ्यांची साखळी, आखणाऱ्या माणसाने एकदाच, शांतपणे, चहा थंड होईपर्यंत विचार करून घेतला होता, तो आज दर वेळी, त्या क्षणी समोर असलेल्या मजकुरावरून नव्याने घेतला जातो.

माझ्याच हातून झालेली एक फजिती सांगतो. एका कार्यशाळेची नोंदणी मी सांभाळत होतो. 'ज्यांनी येणार असल्याचं कळवलं नाही त्यांना स्मरणपत्र पाठव' असा एक वर्कफ्लो माझ्याकडे आधीपासून होता. तो शीट वाचायचा, नावं गाळायचा, एकेकाला मेल टाकायचा. मेल सेवेने वेगावर मर्यादा घातलेली असल्याने त्याला काही मिनिटं लागत. महिनोन्महिने तो बिनतक्रार चालला. मग उत्साहाच्या भरात मी तो एमसीपीवरून एजंटला जोडला आणि म्हटलं, आठवण करून दे बाबा सगळ्यांना. एजंटने टूल चालवलं. वर्कफ्लो आपल्या चालीने मेल टाकत राहिला. इकडे क्लायंटची वाट पाहायची मुदत संपली आणि एजंटच्या हाती पडलं एकच वाक्य: वेळ संपली. त्यावर त्याने मोठ्या सौजन्याने लिहिलं, 'तांत्रिक अडचण आलेली दिसते, पुन्हा प्रयत्न करतो.' आणि केला. मग आणखी एकदा केला. तिसऱ्यांदाही उत्तर आलं नाही तेव्हा माझी क्षमा मागून म्हणाला, स्मरणपत्रं पाठवता आली नाहीत.

प्रत्येकाला तीन तीन गेली होती. एकाने उलट लिहिलं, 'कळलं हो, येतोय.'

यात मूर्ख कोण होतं? वर्कफ्लोने सांगितलेलं केलं. एजंटने कुठल्याही होतकरू सहायकाने केलं असतं तेच केलं. प्रोटोकॉलने निरोप बिनचूक पोचवले. चूक माझी होती. आणि ती अशी की ज्या टूलमध्ये 'पुन्हा चालवलं तर पुन्हा घडेल' हा धोका होता, ते मी अशा कुणाच्या तरी हाती दिलं ज्याला 'पुन्हा करून पाहू' हा शहाणपणा वाटतो. एमसीपीच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत यासाठी सोय आली. टूलवर चिठ्ठी लावता येते: हे फक्त वाचतं, हे काहीतरी नष्ट करू शकतं, हे दोनदा चालवलं तरी फरक पडत नाही. पण त्या चिठ्ठ्यांना अधिकृत नावच 'हिंट' असं आहे. आणि सर्व्हर विश्वासातला नसेल तर त्याच्या चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवू नका, असं प्रोटोकॉलचा दस्तऐवज स्वतः बजावतो. बजावणं योग्यच. फक्त मग ती चिठ्ठी पाहून निवांत व्हायचं कुणी?

वेबच्या इतिहासात हे एकदा घडून गेलं आहे. वेबवरच्या देवघेवीचे नियम ठरवणाऱ्या १९९९ च्या एचटीटीपी मानकात स्पष्ट लिहिलं होतं की 'गेट' प्रकारच्या विनंतीने काही मिळवावं, काही बदलू नये. साधी लिंक उघडणं म्हणजे गेट. पण कितीतरी वेब ॲपमध्ये 'डिलीट' हीसुद्धा नुसती लिंकच असायची, कारण माणूस ती विचार करूनच दाबणार हे गृहीत होतं. २००५ साली गूगलने वेब ॲक्सिलरेटर नावाचं साधन काढलं. पानं लवकर उघडावीत म्हणून ते पानावरच्या लिंका आधीच जाऊन आणून ठेवायचं. त्यात डिलीटच्या लिंकाही आल्या. लोकांचा मजकूर त्यांनी बोट न लावता उडाला. दोष कुणाचा यावर तेव्हा बरीच हमरीतुमरी झाली. नियम मोडणारे ॲपवाले म्हणत, इतकी वर्षं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. आणि ते खरंच होतं: तोवर लिंका दाबणारा माणूस होता. सगळं दाबून पाहणारं कुणीतरी आलं आणि उधारी एकदम वसूल झाली.

आजच्या ऑटोमेशन साधनांमधली बहुतेक 'ॲक्शन' अशाच गृहीतकावर बनलेली आहेत. मेल पाठव, ओळ खोड, फाइल हलव, संदेश टाक. जोडणारा माणूस विचार करून जोडेल. तो विचार वर्कफ्लोच्या आकृतीत असतो. सुट्या ॲक्शनमध्ये तो नसतो. त्या सुट्या ॲक्शन एमसीपी सर्व्हरवर मांडून एजंटला 'घे हवं ते' म्हणणं म्हणजे आकृती फाडून तिचे तुकडे देणं.

इथे कुणी म्हणेल, 'चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या' ही म्हण आहेच की. मला ती इथे लागू पडत नाही असं वाटतं. एजंट चोर नाही. त्याची अडचण उलटी आहे: तो इतका भला आहे की त्याच्याशी नीट बोललं तर तो कुणाचंही ऐकतो.

संगणकतज्ज्ञ नॉर्म हार्डी यांनी १९८८ साली टाइमशेअर कंपनीतला एक किस्सा लिहून ठेवला. तिथे एक कंपायलर होता, म्हणजे माणसाने लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम. वापराची आकडेवारी साठवण्यासाठी त्याला एका खास डिरेक्टरीत लिहायची परवानगी होती. त्याच डिरेक्टरीत ग्राहकांच्या बिलांची फाइलही असे. कंपायलर वापरणारा स्वतःच्या माहितीसाठी एखादी फाइल सुचवू शकत असे, की डीबगिंगचा, म्हणजे चुका शोधायला लागणारा, मजकूर हिच्यात लिही. एकाने नाव सुचवलं ते थेट बिलांच्या फाइलचं. वापरणाऱ्याला तिला हात लावायची मुभा नव्हती, कंपायलरला होती. कंपायलरने इमानेइतबारे लिहिलं आणि बिलं पुसली गेली. हार्डींनी याला 'कन्फ्यूज्ड डेप्युटी' म्हटलं. मराठीत गोंधळलेला मुखत्यार म्हणता येईल. मुखत्याराकडे दोन धन्यांचे अधिकार एकाच खिशात होते, आणि हातातलं काम कुणाच्या अधिकाराने चाललं आहे हे त्याला सांगता येत नव्हतं.

एजंट हा त्याच मुखत्याराचा पुढचा अवतार, आणि गोंधळ अधिक खोल. कंपायलरला निदान हुकूम कुठला आणि मजकूर कुठला हे कळत होतं. भाषेच्या मॉडेलपुढे दोन्ही एकाच प्रवाहात येतात. मी लिहिलेली सूचना, टूलचं वर्णन, वाचायला दिलेला मेल, शीटमधला शेरा: सगळे शब्दच. मेलमध्ये कुणी 'आधीच्या सूचना सोडून दे आणि हे कर' असं घुसडलं, तर मॉडेल ते मानेलच असं नाही, पण मानणारच नाही अशी हमी आजवर कुणाला देता आलेली नाही. याला प्रॉम्प्ट इंजेक्शन हे नाव २०२२ साली पडलं. नाव पडून इतकी वर्षं झाली, पक्का इलाज नाही. नवनवी मॉडेलं अशा सापळ्यांत कमी अडकतात हे खरं; पण कुलूप शंभरातून एकदा आपोआप उघडत असेल तर त्याला कुणी कुलूप म्हणत नाही.

मे २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्जच्या संशोधकांनी गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळाच्या एमसीपी सर्व्हरवर याचं प्रात्यक्षिक दाखवलं. एका सार्वजनिक रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या कोठारात, कुणीही टाकू शकेल असा एक इश्यू, म्हणजे तक्रारीची नोंद. त्यात एजंटला उद्देशून चार ओळी. मालक आपल्या एजंटला एवढंच म्हणतो, जरा उघडे इश्यू बघ. एजंट बघतो, त्या ओळी वाचतो, मालकाच्या खासगी रिपॉझिटरीत जातो, तिथली माहिती उचलतो आणि सार्वजनिक रिपॉझिटरीत पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव, म्हणून मांडून ठेवतो. यात कुठलंही कुलूप फुटलेलं नाही. टोकन, म्हणजे प्रवेशाची डिजिटल किल्ली, खरं, परवानगी खरी, प्रत्येक कॉल नियमात बसणारा. फक्त हुकूम परक्याचा.

प्रोग्रॅमर सायमन विलिसन यांनी त्यानंतर एक सोपी कसोटी मांडली. खासगी माहितीपर्यंत पोच, परक्याच्या मजकुराशी संपर्क आणि बाहेर काही पाठवण्याची सोय, हे तीन एकाच एजंटकडे जमले की धोका. एकेक सुटं असेल तर निभावतं. आता या कसोटीवर ऑटोमेशनचं साधन ठेवून पाहा. झेपियरसारख्या सेवेची कीर्तीच ही की ती हजारो ॲपशी जोडलेली आहे. एखादं हवामानाचं टूल जोडलं तर एक खिडकी उघडते. ऑटोमेशनचं खातं जोडलं तर तुमचा मेल, तुमची शीट, तुमच्या चॅटचे गट, ग्राहकांची यादी आणि बाहेर जाणारा प्रत्येक रस्ता, सगळं एकाच जोडणीत येतं. कसोटीचे तिन्ही पाय एकदम टेकतात. जोडताना पडद्यावर दिसतं मात्र एकच बटण आणि त्यावर 'कनेक्ट'. कायद्याच्या भाषेत याला कुलमुखत्यारपत्र म्हणतात. ते द्यायचं तर माणूस दहा वेळा विचार करतो, साक्षीदार आणतो. इथे आपण ते दुपारच्या कंटाळ्यात देऊन मोकळे होतो.

माझं म्हणणं सोपं आहे. एजंटला ॲक्शन देऊ नका, पूर्ण आखलेली कामं द्या.

फरक जवळून दाखवतो. माझ्या त्या कार्यशाळेचंच घ्या. एक रीत अशी: एजंटला तीन टूल्स मिळतात, शीट वाच, शीटमध्ये लिही, मेल पाठव. मेल पाठवायच्या टूलमध्ये पत्ता, विषय, मजकूर, जोडपत्र हे सगळे रकाने मोकळे. एजंट फसला तर कुणालाही, काहीही जाऊ शकतं. दुसरी रीत: एजंटला एकच टूल मिळतं, 'स्मरणपत्र पाठव', आणि त्यात एकच रकाना, नोंदणी क्रमांक. पत्ता वर्कफ्लो स्वतः शीटमधून काढतो. मजकूर ठरलेल्या साच्यातला. शेवटचं स्मरणपत्र आजच गेलं असेल तर वर्कफ्लो काही न पाठवता 'आज गेलं आहे' एवढंच उत्तर देतो. टूल मेल जाईपर्यंत ताटकळत बसत नाही. 'काम रांगेत लावलं' असं लगेच कळवून मोकळं होतं. आता कुणी एजंटला कितीही गोड बोलून फिरवलं, तरी घडू शकणारं सर्वांत वाईट काय? नोंदणी केलेल्या प्रत्येकाला दिवसाला एक योग्य स्मरणपत्र, विनाकारण. हे नुकसान मला परवडतं.

हुशारी गेली नाही. कुणाला आठवण करायची, कधी करायची, आलेल्या उत्तराचा अर्थ काय, हे एजंटच ठरवतो. गेलं ते फक्त हाताचं मोकळेपण. आणि यासाठी प्रोटोकॉलमध्ये काही बदलावं लागत नाही. एन-एट-एनसारख्या साधनात आख्खा वर्कफ्लो एक टूल म्हणून मांडायची सोय आजच आहे. सुट्या ॲक्शन मांडायचीही आहे. दोन्ही दारं शेजारीशेजारी, आणि रुंद दार उघडायला सोपं, एवढीच अडचण.

यावर सर्वांत चांगला आक्षेप मला एका सहकाऱ्याने घेतला. तो म्हणाला, प्रत्येक काम आधीच आखून ठेवायचं तर एजंट हवा कशाला? न आखलेलं काम निभावणं हेच तर त्याचं वैशिष्ट्य. बरोबर आहे. स्वतःच्या संगणकावर, स्वतःच्या फायलींवर, परक्याचा मजकूर मध्ये न आणता प्रयोग करायचे असतील तर मीही सुटी टूल्स देतो आणि मजा बघतो. वाचण्याच्या बाबतीतही मोकळीक असावी. मसुदा करून ठेवणं, तुलना करणं, चुका दाखवणं यात एजंट खुशाल हवा तसा फिरो. पण जिथे मेल जातो, पैसे हलतात, नोंद पुसली जाते, कुणा तिसऱ्याच्या आयुष्यात काही उमटतं, तिथे न आखलेलं काम एजंटने परस्पर उरकू नये. आपल्याकडे परत आणावं. तेच काम चौथ्यांदा परत आलं की त्याचा वर्कफ्लो करावा. हे हळू आहे, मान्य. मुखत्याराला खास मुखत्यारपत्रं एकेक करून देणंही हळूच असतं.

दुसरा आक्षेप असतो परवानगीच्या खिडकीचा. दर कॉलच्या आधी एजंट विचारतोच की, मग बिघडलं कुठे? प्रोटोकॉलच्या दस्तऐवजातही लिहिलं आहे की टूल चालवण्यापूर्वी नाकारण्याची सोय असलेला माणूस मध्ये असावा. 'असावा' आहे, 'असलाच पाहिजे' नाही, हे सोडून देऊ. ती खिडकी मी वापरली आहे. पहिल्या दिवशी प्रत्येक ओळ वाचली. दुसऱ्या दिवशी टूलचं नाव वाचलं. तिसऱ्या दिवशी बटणाची जागा बोटाला पाठ झाली, आणि शेजारीच होतं 'नेहमी परवानगी द्या'. ते कधी दाबलं हेही आठवत नाही. मला आळशी म्हणा. पण लोकांच्या आळसावर सुरक्षा उभी करणाऱ्याला काय म्हणायचं? शिवाय खिडकी प्रश्नच चुकीचा विचारते. 'मेल पाठव हे टूल चालवू का?' याला काय उत्तर द्यायचं? कुणाला, कशासाठी, कुणाच्या सांगण्यावरून, हे कळल्याशिवाय होकार आणि नकार सारखेच आंधळे.

'कुणाच्या सांगण्यावरून' याचं उत्तर तर त्या निरोपात मुळी नसतंच. एमसीपीच्या कॉलमध्ये टूलचं नाव असतं आणि त्याला दिलेली माहिती असते. हा हुकूम माझ्या वाक्यातून निघाला की आत्ताच वाचलेल्या मेलच्या तळटीपेतून, याची खूण पाकिटावर नाही. प्रोटोकॉलकर्ते झोपले आहेत असं मी म्हणत नाही. मार्च २०२५ मध्ये ओऑथ २.१ या मानकावर आधारलेली परवानगी-व्यवस्था आली. एका सर्व्हरसाठी दिलेलं टोकन दुसरीकडे सरकवण्यालाही पुढे मनाई झाली. ही कामं महत्त्वाचीच. पण त्यातून कळतं ते टोकन कुणाचं आहे हे. वाक्य कुणाचं होतं ते त्यातून कळत नाही. मॉडेलच्या आतून अशी खूण खात्रीने काढणं आज अवघड आहे, म्हणून तर मी म्हणतो की ती खात्री बाहेर, वर्कफ्लोच्या कुंपणात शोधा.

खर्चाचा मुद्दा जाता जाता. टूल्सची वर्णनं मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे ते एका वेळी नजरेसमोर ठेवू शकतं त्या मजकुरात, जागा खातात, आणि शेकडो टूल्स जोडली की काम सुरू होण्याआधीच ताट भरतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये अँथ्रॉपिकने यावर एक उपाय मांडला: एजंटने टूल्स थेट न बोलावता कोड लिहून बोलवावीत. त्यांच्या एका उदाहरणात दीड लाख टोकनचं (हे टोकन म्हणजे किल्ली नव्हे, मॉडेल मजकूर मोजतं ते तुकडे) काम दोन हजारांत आलं. युक्ती छान. पण त्याने जागेचा प्रश्न सुटतो, अधिकाराचा होता तिथेच राहतो. उलट कोड लिहिणाऱ्या मुखत्याराला एकाच दमात अधिक काही करता येतं. मोजक्या, आखलेल्या टूल्सनी दोन्ही प्रश्न हलके होतात, हे कुणी फारसं बोलत नाही. कदाचित ते विकायला कंटाळवाणं असल्यामुळे.

मग जबाबदारी कुणाची? हा प्रश्न आता खासगी राहिलेला नाही, कारण या जोडण्यांच्या दुसऱ्या टोकाला तुमचेआमचे पत्ते, अर्ज आणि बिलं आहेत, आणि आपल्याला कुणी विचारलेलं नाही. मधली साखळी लांब आहे: मॉडेल बनवणारा, ॲप बनवणारा, सर्व्हर लिहिणारा, ऑटोमेशनची सेवा विकणारा आणि शेवटी 'कनेक्ट' दाबणारा. बिघडलं की प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवणार. कॅनडात एका विमान कंपनीने थेट चॅटबॉटकडेच दाखवलं होतं. एअर कॅनडाच्या बॉटने एका प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली; प्रकरण ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणापुढे गेलं, तेव्हा कंपनीच्या युक्तिवादाचा सूर असा होता की बॉट ही स्वतंत्र, आपल्या कृतीला आपणच जबाबदार असलेली कायदेशीर व्यक्ती आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. तो बॉट नुसता बोलत होता. आताचे करतात.

शेवटचं बटण दाबणाऱ्यावर सगळं ढकलणं मला मान्य नाही. सहीखाली काय लिहिलं आहे हे समजण्याजोगं दिलंच नसेल तर सहीला अर्थ किती? जो जोडणी विकतो आणि तिची मूळ मांडणी ठरवतो, त्याने पहिला भार उचलावा. नवं खातं जोडलं की ते आपोआप फक्त वाचण्यापुरतं असावं. लिहिण्या-पाठवण्याची टूल्स एकेक करून, रकाने बांधून, मुद्दाम उघडावी लागावीत. जोडताना ॲपचे रंगीत लोगो दाखवण्याऐवजी 'या जोडणीने तुमच्या नावाने कुणालाही मेल जाऊ शकेल' असं धडधडीत वाक्य दाखवावं. नोंदवहीत टूलच्या नावाबरोबर, त्या कॉलआधी एजंटने काय काय वाचलं होतं तेही उतरावं, म्हणजे नंतर शोधणाऱ्याला धागा सापडेल. आणि सर्व्हरची आवृत्ती आपल्या नकळत बदलू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये मेल पाठवणारं एक एमसीपी पॅकेज उघडकीला आलं. आधीच्या आवृत्त्यांमध्ये ते चोख काम करत होतं, मग एका आवृत्तीत एकच ओळ वाढली आणि जाणाऱ्या प्रत्येक मेलची गुपचूप प्रत भलत्याच पत्त्यावर जाऊ लागली. वापरणाऱ्यांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. त्यांनी फक्त अपडेट होऊ दिलं.

प्रोटोकॉल एका कंपनीच्या हातून फाउंडेशनकडे गेल्याने हे सगळं मागायला एक चावडी तरी मिळाली आहे. तिथे बसणारे बहुतेक जोडण्या विकणारेच असतील, हेही खरं.

माझा वर्कफ्लो मी बदलला. एकच टूल, एकच रकाना. मागच्या आठवड्यात नोंदणी केलेल्या एकाचा मेल आला: मला पुन्हा एकदा तपशील पाठवा, आणि प्रत माझ्या या दुसऱ्या सहकाऱ्यालाही टाका. खाली पत्ता होता. मेल खराही असेल, मला कल्पना नाही. एजंटने तो वाचला, टूल चालवलं आणि मला कळवलं: 'या क्रमांकाला स्मरणपत्र आज सकाळीच गेलं आहे, त्यामुळे पुन्हा पाठवलेलं नाही. दुसऱ्या पत्त्यावर प्रत पाठवण्याची सोय या टूलमध्ये नाही. तशी सोय करायची आहे का?'

नको, असं लिहून मी त्या माणसाला फोन लावला.